जागेवरचे किलोमीटर

केतकी नेजदारनं त्या गाडीला लिटरला एकसष्ट किलोमीटर दिले, तेव्हा गाडी जागची इंचभरही हलली नव्हती.

हलायची गरजच नसते. शिरोलीच्या विभागीय वाहन प्रमाणन केंद्रात जमिनीत दोन जाडजूड लोखंडी रोलर बसवलेले आहेत. गाडीची पुढची चाकं त्यांच्यावर चढवायची, म्हशीला इंजेक्शन द्यायला बांधतात तशी गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी करकचून बांधायची आणि मग सोडायची. चाकं फिरतात, रोलर फिरतात, समोरचा पंखा वारा मारतो, पडद्यावरचा रस्ता पुढं पुढं सरकतो. खड्डा नाही, चढ नाही, आडवी येणारी रिक्षा नाही, टपावर कुणाच्या बॅगा नाहीत. हवासुद्धा ठरवून दिलेल्या तापमानाची. असल्या स्वर्गात गाडी धावते आणि आकडा जन्माला येतो.

ती गाडी होती ‘मयूरा’. प्लग-इन हायब्रिड. म्हणजे एका पोटात दोन जठरं, एक बॅटरीचं आणि एक पेट्रोलचं. घरी तार लावून बॅटरी भरायची, मग पन्नासेक किलोमीटर पेट्रोलचा थेंबही न जाळता जायचं, आणि बॅटरी संपली की इंजिन सुरू. कल्पना वाईट नव्हती. घाण होती ती तिच्या हिशेबात.

चाचणीच्या फेऱ्या दोन. पहिल्या फेरीत बॅटरी भरलेली, त्यामुळे पेट्रोल शून्य. दुसऱ्या फेरीत बॅटरी रिकामी, तेव्हा लिटरला सव्वापंधरा. आता या दोन्हीतून जाहिरातीला लावायला एक आकडा काढायचा. त्यासाठी कुठल्याशा समितीनं थंडगार खोलीत बसून ठरवलं होतं, की ज्यानं तारेची गाडी घेतली तो माणूस तार लावणारच, जसा तो दात घासतो. सबब चार किलोमीटरांतले तीन विजेवरचे धरायचे, एक पेट्रोलवरचा. सव्वापंधराला चारनं गुणायचं. एकसष्ट.

केतकीनं सही केली. खोटं काही नव्हतं त्यात. नियमात होतं तसंच तिनं मोजलं होतं, यंत्रं तपासलेली होती, कुणी पाकीट दिलं नव्हतं. कुणाच्याच तोंडात खोटं नव्हतं. ते गुणाकारात जाऊन बसलं होतं आणि तिथून ते काढायला कुणाचा हात पोचत नव्हता.

दोन महिन्यांनी तिच्या वडिलांनी मयूरा घेतली.

आनंदराव नेजदारांनी, म्हणजे आबांनी, उभी हयात एका सूतगिरणीच्या कामगारांची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावर फंडाचा सगळा पैसा त्यांनी या गाडीत घातला. कोल्हापुरातल्या हॉटेलांतून पर्यटक उचलायचे, आंबा घाटातून रत्नागिरीला न्यायचे, परत आणायचे, असा बेत. शोरूममध्ये विक्रेता पोरगा पोपटासारखा बोलत होता. आबांनी त्याला एकच प्रश्न विचारला. “त्या एकसष्टवर सही कुणाची हाय?”

पोरानं काचेवरचा शिक्का दाखवला. खाली बारीक अक्षरात केतकीचं नाव होतं. आबांनी खिशातून चष्मा काढला, नाव वाचलं, चष्मा परत ठेवला आणि म्हणाले, “मग पुढं बोलू नगंस. कागद आण.”

आता ही गाडी भरायची कुठं? नेजदारांचं घर पेठेतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. गाडी उभी राहायची तालमीच्या भिंतीला. पहिल्या आठवड्यात आबांनी खिडकीतून तार खाली सोडली. ती खालच्या मजल्यावरच्या सासनेकाकूंच्या धुण्यातून जायची. काकूंनी साडीला शॉक लागेल म्हणून गल्ली डोक्यावर घेतली. मग तालमीच्या पोरांनी दिलदारीनं तालमीचं कनेक्शन दिलं, आणि गणपतीच्या रोषणाईला फ्यूज उडाला तसं काढूनही घेतलं. नाक्यावरच्या चार्जिंगला गेलं तर तिथं निव्वळ विजेच्या गाड्यांची रांग. ती माणसं आबांकडं लग्नात आगंतुक बघावा तशी बघायची. तुमच्याकडं पेट्रोल आहे की, मग आमच्या प्लगावर कशाला बसता? आणि नंबर लागलाच तर बॅटरी भरायला साडेतीन तास. गाडीत पुण्याचं कुटुंब, त्यातला नवरा घड्याळ बघतोय. तो थांबणार आहे होय?

मयूरा पेट्रोलवर चालू लागली. आणि पेट्रोलवर चालताना तिच्या पोटात दोन क्विंटलची रिकामी बॅटरी होती, शिवाय झोपलेली विजेची मोटार. एवढा ऐवज घेऊन छोटं इंजिन आंबा घाट चढायचं. साध्या पेट्रोलच्या गाडीनंही जास्त दिलं असतं. मयूरा लिटरला चौदा द्यायची. घाटात त्याहून कमी.

घरी यातलं काही बोललं गेलं नाही.

“आबा, गाडी किती देते हो?” केतकीनं एकदा जेवताना विचारलं.

“देते की. बराबर देते.”

“बराबर म्हणजे किती?”

“आमटी वाढ.”

मग एका रविवारी ती त्यांच्याबरोबर पन्हाळ्याला गेली. प्रवासी मागं, ती आबांच्या शेजारी. एसी बंद. मागच्या सीटवरच्या बाई पदरानं वारा घेत होत्या. रिकाम्या रस्त्यावर आबा चाळिसानं चालले होते आणि मागून उसाचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देत होता. केतकीची नजर खाली गेली. चपला सीटखाली सारलेल्या. आबांनी अनवाणी पायाचा अंगठा पेडलवर असा ठेवला होता, जसा अंघोळीचं पाणी कढत आहे का बघायला ठेवतात.

“चपला का काढल्या?”

“पाय जड हाय माझा,” आबा हळूच म्हणाले, मागं ऐकू जाऊ नये म्हणून. “बसचा पाय हाय त्यो. जादा दाबला जातोय. जमंल हळूहळू.”

तिनं नजर पुन्हा रस्त्यावर नेली. ती म्हणाली, “चार्ज करत जावा की.”

“कुठं करू? तुझ्या डोक्यावर?”

तेवढ्यावर विषय मिटला. आबांचा पोरीच्या सहीवर विश्वास होता. म्हणून त्यांनी आपल्या पायावर अविश्वास धरला.

पुढच्या वर्षी हरितपट्टी आली.

खऱ्या रस्त्यावरच्या गाड्या कागदावरच्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त पितात, ही बोंब इतकी वाढली होती की सरकारला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मग एक यंत्र निघालं, आणि खरं सांगायचं तर ते यंत्र चांगलं होतं. गाडीच्या मागच्या झाकणावर वीतभर रुंदीची पट्टी, इ-पेपरची, उन्हातही दिसणारी. आतून ती दोन ठिकाणी जोडलेली. एक मापक इंधनाच्या नळीवर, थेंब न् थेंब मोजणारा. दुसरा चाकाच्या आसावर, फेरे मोजणारा. गेल्या तीन महिन्यांत चाक किती फिरलं, त्यासाठी किती इंधन जळलं, भागाकार करायचा आणि रंग दाखवायचा. हिरवा, पिवळा, तपकिरी. समितीचं अनुमान नाही, जाहिरात नाही. तुम्ही जे जाळता ते तुमच्या ढुंगणावर लिहिलेलं. हिरवी पट्टी असेल तर शहरात या. पिवळी असेल तर ठरावीक वेळेत. तपकिरी असेल तर नाक्यावरूनच मागं फिरा.

एकच गोष्ट पट्टीत नव्हती. गाडी कुठं गेली हे तिला कळत नव्हतं. ते कळायची सोय ठेवायचीच होती, पण मोठमोठी माणसं कोर्टात गेली. आम्ही कुठं जातो ते सरकारला का कळावं? मोठ्या माणसांच्या जाण्याच्या जागा काय असतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. कोर्टाला पटलं. तेव्हा पट्टीला फक्त चाक फिरल्याचं कळायचं, गाडी हलल्याचं नाही.

आबांची पट्टी आधी पिवळी झाली. हॉटेलवाल्यांनी फोन कमी केले. मग पिवळ्यात मातकट छटा दिसायला लागली. तपकिरी झाली असती तर गाडी शहराबाहेर, प्रवासी शहरात आणि आबा घरात. आबा जेवताना बोलेनासे झाले. केतकी रोज सकाळी गॅलरीतून वाकून तालमीच्या भिंतीशी उभी असलेली गाडी बघायची, आजारी माणसाच्या तोंडाकडं बघावं तशी.

आणि एका सकाळी पट्टी हिरवी होती.

“आबा, हिरवी झाली.”

“जमला पाय,” आबा म्हणाले. पण तिच्याकडं बघितलं नाही.

त्या महिन्यात शहरातल्या निम्म्या प्लग-इन गाड्या हिरव्या झाल्या. वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या. कुणीतरी नागरिकांच्या जाणिवेचं कौतुक केलं.

प्रमाणन केंद्राचे संचालक फडतरे यांनी केतकीला बोलावून घेतलं. हे गृहस्थ नेहमी हसत असत. हसणं हा त्यांचा चेहराच होता.

“नेजदार, एक सोपं काम आहे. संतुलन केंद्रांना परवाने द्यायचेत. चाळीस अर्ज आलेत. पहिलं उद्घाटन मगदूमांच्या शेडचं, आठ दिवसांनी. तुम्ही जाऊन तपासणी करून या.”

“संतुलन केंद्र म्हणजे काय सर?”

“गाडीची सरासरी सुधारून देतात. तांत्रिक आहे, बघाल तुम्ही. टॅबवर चार रकाने भरायचे. रोलर सुरक्षित आहेत का, पट्टे मजबूत आहेत का, आग विझवायचं साधन, आणि वीज कुठून येते. तार की जनित्र.” फडतरे अजून हसत होते. “अर्जात त्यांनी तार लिहिलंय. तुम्ही पण तार लिहा. विषय संपतो.”

तो शेवटचा रकाना साधा नव्हता. हरितपट्टीच्या नियमात तारेनं आलेली वीज शून्य धरली जाते. तिकडं लांब कुठल्या चिमणीतून काय निघतं, ते तारेतून दिसत नाही म्हणून. पण वीज जनित्राची असेल तर त्यात जळलेलं डिझेल त्या त्या गाडीच्या खात्यावर चढतं. तपासणी होईपर्यंत अर्जातलं धरतात; मग तपासनिसानं टॅबवर जे लिहिलं, ते तिथं जोडलेल्या सगळ्या पट्ट्यांना त्याच क्षणी कळतं, आणि मागचा हिशेब पुन्हा होतो.

मगदूमांची शेड एमआयडीसीच्या टोकाला, जुन्या फाउंड्रीच्या आवारात होती. उन्हं कलायला लागली होती. फाटकातून आत जाताना केतकीला आधी आवाज ऐकू आला. शेकडो पिठाच्या गिरण्या लांबून ऐकाव्यात तसा.

आत डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं. दोन्ही बाजूंना ओळीनं गाड्या, सगळ्या पट्ट्यांनी बांधलेल्या, सगळ्यांची चाकं रोलरवर गरगरत होती. एकाही गाडीत माणूस नाही. स्टिअरिंगला सुतळ्या बांधलेल्या, पेडलवर विटा ठेवलेल्या. ऐंशीच्या वेगानं चाळीस गाड्या कुठंही जात नव्हत्या. तापलेल्या रबराचा वास नाकात चिकटत होता. एका काचेवर पाटी लोंबत होती, ‘बाळ झोपले आहे, हळू चालवा’. ती गाडीही ऐंशीनं पळत होती.

“या मॅडम, या की. तुमचीच वाट बघतोय.” रणधीर मगदूम पुढं आला. चाळिशीचा, तुकतुकीत, गळ्यात पातळ चेन. “च्या सांगू का ताक?”

“काही नको. हे कसं चालतं ते सांगा.”

“सोपं हाय. ह्या गाडीचं चाक रोलर फिरवतंय. रोलरला मागनं अल्टरनेटर लावलाय. त्यातनं वीज निघती ती समोरच्या लाइनीतल्या गाडीला. ती भरली की ती फिरती, आन् तिची वीज हिकडं. अशी गोल गोल. मधी जेवढी गळती हुती तेवढी वरनं घालायची. पट्टीला काय, चाक फिरलं न् पेट्रोल जळलं न्हाई. झाली हिरवी.”

“आणि गाडी कुठं गेली?”

“कुठं जायचंय?” मगदूमला खरंच नवल वाटलं. “मॅडम, तुमच्या सेंटरचे रोलर आमच्या वडिलांनी ओतलेत. साच्याचा लाकडी नमुना आजून माळ्यावर पडला हुता. धूळ झाडली, परत ओतला. एक सुताचा फरक न्हाई. तुमी काय करता? गाडी बांधता, जाग्यावर पळवता, आन् पळाली म्हणून लिहिता. आमी बी त्येच करतो. उलट तुमी चारनं गुणता. आमी गुणत न्हाई, खरं फिरवतो. आमचं काम तुमच्यापेक्षा सरळ हाय बघा.”

तो चिडवत नव्हता. म्हणून ते जास्त झोंबलं.

केतकी ओळीतून चालत राहिली. शेवटच्या टोकाला तिला तालमीच्या भिंतीशी रोज दिसणारी मयूरा दिसली. चाकं गरगरत होती. पलीकडं पंख्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर ड्रायव्हर मंडळी चहा पीत बसलेली, आणि त्यांत आबा.

आबा तिला बघून उठले. मग पुन्हा बसले. मग पुन्हा उठले.

“तू काय करालीस हितं?”

“तपासणीला आलेय. तुम्ही?”

“दिवसाड येतो.” आबांनी कप दुसऱ्या हातात घेतला. “पाय काय जमंना. म्हटलं पट्टी तरी जमू दे.”

तिनं त्यांना बाजूला घेतलं. आवाजामुळं जवळ तोंड नेऊन बोलावं लागत होतं.

“आबा, तुमचा पाय जड नाही. कधीच नव्हता. ती गाडीच तेवढं देते. रोज तार लावली नाही तर एकसष्ट कुणाच्याच पायाला देत नाही.”

आबा ऐकत राहिले. “तुला कधीपास्नं म्हाईत हाय?”

“सही केली तेव्हापासून.”

“आन् मी अनवाणी चालवत हुतो.”

आबांनी कप खाली ठेवला, मग तो कुणाच्या पायाखाली येईल म्हणून उचलून कठड्यावर ठेवला. तिकडंच बघत म्हणाले, “मगदूम म्हणत हुता आज कोण तरी बाई येणार, तार का जनित्र ते लिहिणार. ती तूच काय?”

“मीच.”

“मग तार लिही.” त्यांचा आवाज सरळ होता, बसच्या कंडक्टरला सांगावं तसा. “एक सही कंपनीसाठी केलीस. एक बापासाठी कर. माझी पट्टी गेली तर मला हॉटेलवालं दारात उभं करणार न्हाईत. ही गाडी आता कोण घेणार माझ्याकडनं? दुसरं काय हाय माझ्याजवळ?”

“मी आज तार लिहिली तर तुम्ही मरेपर्यंत दिवसाआड इथं येऊन बसणार, आबा.”

“बसंन की. च्या फुकट हाय.”

तिनं वीज कुठून येते ते बघायचं म्हणून मागचं दार ढकललं. मगदूम आडवा आला नाही. त्याला आडवं यायची गरज वाटली नाही.

मागं दोन जनित्रं होती, ट्रकाएवढी. एकाचा धूर काळा, दुसऱ्याचा निळसर. भिंतीला लागून कामगारांच्या खोल्या. दोरीवरचे कपडे राखाडी झालेले, आणि ते पांढरे होते हे फक्त शिवणीच्या आत बघितल्यावर कळत होतं. एक बाई दारात परातीत कणीक मळत होती. तिनं परातीवर ओला फडका धरला होता, एका हातानं झाकायची, एका हातानं मळायची. फडक्यावर काजळी बसत होती. केतकीकडं बघून ती म्हणाली, “बाई, हे कधी बंद व्हतंय? सांज झाली की जरा बंद करा म्हणावं, पोरं जेवतात.”

इतकं डिझेल. कुठंही न जाण्यासाठी. मग हिरवी पट्टी लावून शहरात जाऊन पुन्हा पेट्रोल जाळण्यासाठी. आणि त्या सगळ्याला संतुलन म्हणणारी, फीत कापणारी, हसणारी माणसं. केतकीनं भिंतीला हात टेकला तर हाताला तेलकट काळं लागलं. ते पुसायला तिच्याकडं स्वच्छ असं काही नव्हतं.

फोन वाजला. फडतरे.

“झालं का? मगदूम सांगत होते, तुमचे वडीलही त्यांच्याकडचेच आहेत म्हणे. बरं झालं, घरचंच काम. तार लिहिलंत ना?”

“सर, इथं तारच नाही. नुसती जनित्रं आहेत.”

“तार येणार आहे. अर्ज टाकलाय त्यांनी. येणाऱ्या तारेला आपण तारच म्हणतो.” हसू फोनमधून ऐकू येत होतं. “नेजदार, तुम्ही तत्त्व घेऊन बसाल तर उद्या दुसरं कुणी येऊन तार लिहील. तुमचं टेबल जाईल, वडिलांची गाडी जाईल आणि शेड चालूच राहील. हिशेब तुम्हाला जमतो.”

जमत होता. फडतरे बोलले त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिच्या सहीचा आकडा खरा होता तसाच.

ती आत आली. आबा मयूराजवळ उभे होते, टपावर हात ठेवून, पळणारी गाडी शांत करावी तसे. तिनं टॅब उघडला. तीन रकाने भरले. चौथ्यावर बोट थांबलं. आबा तिच्या बोटाकडं बघत होते. त्यांनी मान हलवली. नको, अशी.

तिनं ‘जनित्र’ दाबलं.

आवाज तोच राहिला, चाकं तशीच फिरत राहिली. फक्त रंग बदलले. दाराजवळच्या गाडीपासून सुरुवात झाली. हिरव्यात आधी पिवळा उतरला, मग त्या पिवळ्याला बुरा लागला, मग सगळी पट्टी शेणासारखी झाली. एकामागून एक. काही गाड्या इतक्या वेळा इथं येऊन गेल्या होत्या की त्या पिवळ्यावर थांबल्याच नाहीत. शेवटी मयूरा. आबांनी टपावरचा हात काढला, मागं जाऊन पट्टी बघितली आणि तिथंच उभे राहिले.

खुर्च्या मागं सरकल्या. माणसं आपापल्या गाड्यांमागं धावली. शिव्या सुरू झाल्या, आधी पट्टीला, मग सरकारला, मग टॅब घेऊन उभ्या असलेल्या बाईला. मगदूमनं दोन्ही हात वर केले.

“घाबरू नगा. ऐका. पलीकडं माझ्या मेव्हण्याच्या कारखान्यात तार हाय. ही वीज तिच्या नावावर दावू. मैन्यात समद्या परत हिरव्या करून देतो. फक्त आता दिवसाड जमणार न्हाई. रोज यावं लागंल. नंबर लावा.”

आणि माणसं नंबर लावायला लागली. ज्यांना जाहिरातीनं फसवलं, शिक्क्यानं फसवलं, ती माणसं मगदूमच्या टेबलाशी एकमेकांना कोपरानं ढकलत होती. माझं आधी लिही, मला उद्या लग्नाचं वऱ्हाड सोडायचं हाय. आबा ते बघत होते. ते पुढं गेले नाहीत.

“एका मिंटात वाटोळं केलं,” एक दांडगा ड्रायव्हर केतकीकडं बोट करून म्हणाला. “कुणाची पोरगी हाय ही? घरात कुणी सांगणारं हाय का न्हाई?”

केतकी टॅब छातीशी धरून उभी होती. तिनं आबांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं.

“माझी हाय,” आबा म्हणाले. “आन् सांगणारा मीच. तिनं माझं बी ऐकलं न्हाई, तुमचं काय ऐकंल?”

कुणीतरी हसलं. दांडगा बाजूला झाला.

आबांनी मयूराच्या आत हात घालून पेडलवरची वीट काढली. चाकं थांबेपर्यंत वाट बघितली. मग एकेक पट्टा स्वतः सोडवला, सुतळी तोडली आणि वीट मगदूमच्या टेबलावर, त्याच्या वहीवर, हलकेच ठेवली. मगदूम म्हणाला, “आनंदराव, रागावून चालतंय का? या उद्या.” आबांनी गाडीचं पलीकडचं दार उघडलं.

“बस,” ते केतकीला म्हणाले.

गाडी बिनआवाजाची फाटकाबाहेर पडली. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. इंजिन गप्प, पडद्यावर पेट्रोल जळण्याचा काटा शून्यावर. जाहिरातीत पळायची तशीच ती पळत होती. मागं जनित्रांचा आवाज लांब जात होता, पण थांबत नव्हता. आबांनी थोडं अंतर जाऊ दिलं. मग रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि पडद्यावरचं बटण शोधायला लागले, ज्यानं बॅटरी बाजूला पडून नुसतं इंजिन चालतं.

“आबा, बॅटरी आहे अजून. शहराच्या नाक्यापर्यंत पुरेल.”

“असू दे.”

“पेट्रोल कशाला जाळताय? उद्यापासून धंदा नाही.”

“मगदूमाच्या धुरावर घरी जायचं न्हाई मला,” आबा म्हणाले आणि बटण दाबलं.

इंजिन खोकत सुरू झालं, सीट थरथरल्या, आत पेट्रोलचा वास आला. तपकिरी पट्टी घेऊन शहरात शिरायची तर आता सोयच नव्हती. आबांनी गाडी बाहेरच्या रस्त्याला वळवली.